आईकडचं रक्त

जुलै संपत आला तरी पाऊस नव्हता. मार्चपासूनच नव्हता. तळं आटून मधोमध हिरव्या डबक्याएवढं पाणी उरलं होतं आणि काठच्या चिखलाला मनगट जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. गवताचे गोल गठ्ठे मे महिन्यातच संपले. त्यामुळे चंद्रशेखर गव्हाणे आणि रँचवरचा मेक्सिकन गडी लालो रोज उजाडता उजाडता पाठीला गॅसची टाकी बांधून रानात जायचे आणि निवडुंगाचे काटे जाळायचे. ज्योत फिरवली की काटे चटचट उडायचे, हिरव्या फड्या पिवळट, तेलकट व्हायच्या. बर्नरची घरघर ऐकली की गाई झाडीतून बाहेर यायच्या.

त्या गरीब गाई नव्हत्या. मेक्सिकोतून आणलेल्या लढाऊ वाणाच्या होत्या, काळ्याभोर, अंगानं लहान, शिंगं पुढं वळलेली. वीस पावलांवर माना वर करून थांबायच्या. माणूस पुढच्या झुडपाकडे सरकला की मग गरम फड्यांवर तुटून पडायच्या. सत्तेचाळीस नंबरची मात्र दहा पावलांवर यायची. चौदा वर्षांची झाली होती. पाठीचा कणा वर आला होता, कमरेची हाडं कातड्यातून दिसायची.

"तुला ओळखते ती, दोक्तोर," लालो म्हणायचा.

"ओळखत नाही. भीत नाही," चंद्रशेखर म्हणायचा.

चंद्रशेखर परभणीच्या व्हेटर्नरी कॉलेजचा. पशुप्रजननात एम.व्ही.एस्सी. सोळा वर्षांपूर्वी बायको आणि पाच वर्षांच्या मुलीला घेऊन टेक्सासला आला आणि म्हातारा रॉय कुबेना यानं त्याला कामावर ठेवला. इथलं लायसन्स नव्हतं म्हणून जनावराला औषध द्यायची परवानगी नव्हती. रेतन करायचं, वेतं टिपायची, कुठल्या गाईला कुठला वळू लावायचा ते ठरवायचं, वंशावळीच्या वह्या ठेवायच्या, हे काम. सगळे त्याला डॉक म्हणायचे. ह्यूस्टनजवळचं शुगर लँड तिथून अडीच तासांवर. दिवाळीला तिथं गेलं की तेल कंपनीतले मराठी इंजिनिअर विचारायचे, "काय गव्हाणे, बैलांची लग्नं जमवता म्हणे?" तोही हसायचा.

कुबेनाचे वळू रोडिओला जायचे. रिंगणात एक माणूस रिकाम्या हातांनी वळूसमोर उभा राहतो आणि मिनिटभर त्याला चुकवतो. वळूला कोणी मारत नाही. जो वळू माणसाचा पिच्छा सोडत नाही त्याला नाव मिळतं. असा वळू तिथं उतरायच्या आधी त्याला पायी चालणारा माणूस दिसताच कामा नये, नाहीतर तो शिकून जातो. म्हणून त्याची परीक्षा घेता येत नाही. परीक्षा त्याच्या आईची घेतात, रिंगणात घोडेस्वारावर सोडून किती धडका देते ते बघतात. अंग बापाचं, काळीज आईचं, असं रॉय म्हणायचा.

रॉय तीन वर्षांपूर्वी गेला. आता मालक त्याचा मुलगा वेस. चंद्रशेखर आला तेव्हा वेस शाळेत होता.

त्या सकाळी वेसचा पिकअप रानात आला. वेसनं काच अर्धी खाली केली. आतली थंडगार हवा चंद्रशेखरच्या तोंडावर आली. तो उन्हात, टाकी पाठीवर तशीच, खिडकीशी उभा राहिला.

"ओक्लाहोमाचा टेरी कळप घेतोय. अख्खा," वेस म्हणाला. "प्रीचरचं काम बघून वेडा झालाय तो. प्रीचर, त्याच्या बहिणी, त्याच्या मावश्या, सगळं घराणं पाहिजे म्हणतो. कळप इथंच राहील. तूही. तुझ्याशिवाय घेणारच नाही म्हणाला."

प्रीचर हा सत्तेचाळीसचा मुलगा. दोन वर्षांत रिंगणात त्याच्यासमोर एकही माणूस मिनिट पुरं करू शकला नव्हता.

"चांगलं झालं," चंद्रशेखर म्हणाला.

"त्याला डीएनएचे पेपर पाहिजेत. ऑफिसात ये उद्या." काच वर गेली.

*

चंद्रशेखर रँचच्या हद्दीवरच्या जुन्या ट्रेलर-घरात राहायचा. दुपारी जेवायला आला तर बायको प्रीता दारातच उभी. ती गावातल्या दातांच्या डॉक्टरकडे रिसेप्शनवर काम करायची. या वेळी घरी नसायची कधी.

"अहो, आपली तारीख लागली," ती म्हणाली.

त्याला पटकन कळलं नाही.

"ग्रीन कार्डची. वकिलाचा फोन होता शुगर लँडहून. ऑगस्टपासून फाइल भरता येईल म्हणाले. तेरा वर्षं झाली हो." तिचा आवाज चिरकला. "फक्त रुहीचं बघा म्हणाले. एकवीस पूर्ण व्हायच्या आत फाइल गेली पाहिजे. नाहीतर ती आपल्या अर्जातनं बाहेर, परत जावं लागेल तिला."

रुही ह्यूस्टनला कॉलेजात होती. त्यांनी तिला स्पीकरवर घेतलं.

"बाबा! फायनली! व्हॉट डू यू नीड फ्रॉम मी?"

"तुझी ती व्हॅक्सिनेशनची कागदं. आणि बेटा, बारा ऑक्टोबरच्या आत..."

"आय नो, बाबा. आय'व्ह नोन द डेट सिन्स नाइन्थ ग्रेड." मग ती म्हणाली, "माझी रूममेट म्हणते, ट्वेंटीफर्स्टला पार्टी करू. आय कुडन्ट टेल हर की मला ट्वेंटी-वन व्हायचंच नाही."

परभणी तिनं तीनदा पाहिली होती. तिथं गेली की पाणी बाधायचं आणि चुलत भावंडं तिच्या मराठीला हसायची.

"काय काय लागतंय अजून?" चंद्रशेखरनं प्रीताला विचारलं.

"सगळं आहे. मालकाचं पत्र तेवढं लागतं. नोकरी आहे आणि पुढेही राहणार आहे, असं सहीनिशी."

*

ऑफिसच्या भिंतीवर प्रीचरचा मोठा फोटो होता. वेसनं बुटांसकट पाय टेबलावर टाकले होते.

"लेटर ना? देतो की," तो म्हणाला. "त्यात काय. आधी हे संपवू. प्रीचरची आई कोण, डॉक?"

"सत्तेचाळीस. वहीत आहे."

"वही तूच लिहितोस." वेस हसला. "सत्तेचाळीसची आजी कोण?"

ती आजी म्हणजे रॉयनं बाजारातून वासरांना पाजायला आणलेली साधी गाय होती. तिला चुकून मेक्सिकोचा वळू लागला. त्यातून झालेल्या कालवडीची सत्तेचाळीस.

"पाव रक्त गावठी," वेस म्हणाला. "टेरी शुद्ध घराण्याचे पैसे देणार. एकतीसच्या घराण्याचे."

"एकतीसनं एक धड वासरू दिलं नाही कधी. परीक्षेत तिसऱ्या धडकेला पाठ फिरवली होती तिनं. तुझ्या वडिलांनी नुसती रक्तासाठी ठेवली."

"मग? रक्तच तर विकतोय मी."

"एकतीस जानेवारीत मेली, वेस."

"म्हणूनच." वेसनं पाय खाली घेतले. "लॅबला आईच्या शेपटीचे केस लागतात. एकतीसचे केस आपण कधीतरी काढून ठेवलेले असतील. असतील की नाही?"

"नाहीत."

"बघ एकदा." त्यानं खणातून लॅबचं कोरं पाकीट काढलं आणि टेबलावरून सरकवलं. "सत्तेचाळीसची शेपटी चांगली लांब आहे."

बाहेर पवनचक्कीचं पातं कोरडं कुरकुरत होतं. चंद्रशेखरनं पाकिटाकडे पाहिलं. वर छापलेलं होतं, जनावराचा नंबर, आणि पुढं रिकामी रेघ.

"आणि पत्र?" त्यानं विचारलं. हे आपण विचारलं याची त्याला लगेच लाज वाटली.

"लॅबचा रिझल्ट आला की त्याच दिवशी. बायकोला सांग, काळजी करू नको म्हणावं."

सोळा वर्षांत त्यानं अकरा वह्या भरल्या होत्या. एका वासराची तारीख चुकली म्हणून एकदा पान फाडून अख्खं पुन्हा लिहिलं होतं. रॉय वह्या उघडून बघायचाही नाही. म्हणायचा, डॉकनं लिहिलं ना, मग झालं. चंद्रशेखर पाकीट खिशात घालून उठला.

*

सत्तेचाळीसला खोड्यात घ्यायला तास लागला. लालोनं घोड्यावरून तिला वेगळी काढली. अरुंद वाटेत आल्यावर तिनं दोन्ही बाजूंच्या फळ्यांना धडका दिल्या. खोड्याचं लोखंडी फाटक मानेवर बसलं तेव्हा तिनं एकदा मोठ्यानं फुत्कार टाकला आणि मग गप्प झाली. तिच्या बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या.

चंद्रशेखरनं शेपटीचा गोंडा धुतला, पुसला. वीस-पंचवीस केस बोटाला गुंडाळून हिसका दिला. केस मुळासकट यावे लागतात. मुळाशी पांढरा, मोहरीपेक्षा बारीक कंद असतो, तो नसला तर लॅबवाले परत पाठवतात. त्यानं चष्मा वर करून कंद मोजले. भरपूर होते. हाताला सवयच होती चांगलं काम करायची.

पाकीट खोड्याच्या फळीवर ठेवून त्यानं पेन काढलं. लालो शेजारी येऊन उभा राहिला. लालोला इंग्रजी वाचता यायचं नाही, पण आकडे यायचे.

"तीन-एक?" लालोनं विचारलं. "दोक्तोर, ही चार-सात."

"माहीत आहे."

लालोनं त्याच्याकडे पाहिलं. बावीस वर्षं तो या रानात होता. त्याच्याकडे तर कुठलाच कागद नव्हता. त्यानं हॅट पुढं ओढली.

"बुएनो, ठीक," म्हणाला, आणि खोडा उघडायला गेला.

सुटल्यावर सत्तेचाळीस पळाली नाही. चार पावलं गेली, वळली, आणि दोघे फळीवर चढेपर्यंत त्यांच्याकडे बघत उभी राहिली.

*

सोळाव्या दिवशी रिझल्ट आला. लॅबच्या मशिनला नंबरांशी काय देणंघेणं! पाकिटातल्या केसांवरून प्रीचर त्यांचाच मुलगा ठरला. मुलगा एकतीसचा, शुद्ध घराण्याचा. वेस दिल्या शब्दाला जागला. त्याच दुपारी सहीचं पत्र दिलं, वर खांद्यावर थापही. प्रीता दुसऱ्या दिवशी सुट्टी घेऊन फाइल वकिलाकडे देऊन आली. चौथ्या दिवशी पोहोच मिळाली. रुहीनं फोनवर किंकाळी फोडली. प्रीतानं साखरभात केला.

चंद्रशेखरनं दोनदा घेतला. त्याला वाटलं, झालं एकदाचं. मेलेल्या गाईला एक मुलगा जास्त मिळाला, जिवंत गाईला त्याचं काय? तिला निवडुंग मिळतोय, रान आहे. असंच मरेल एक दिवस सुखानं.

पुढच्या सोमवारी वेस म्हणाला, "सत्तेचाळीसला काढायचंय."

"कुठं?"

"कुठं म्हणजे? बाजारात. तिथून पॅकरकडे, कत्तलीला. या वर्षी सगळ्यांच्याच म्हाताऱ्या गाई चालल्यात, कोणी विचारणार नाही. आणि आता कागदावर आहे काय तिच्या नावानं? एक वासरू नाही."

"ती काय खाते, वेस? राहू दे."

"तिच्या शेपटीला अजून केस आहेत, डॉक," वेस म्हणाला. "उद्या कोणाला शंका आली, कोणी तिचे केस लॅबला लावले, तर? वेस कुबेना खोटा ठरेल. आणि पाकिटावर अक्षर कोणाचं आहे?"

चंद्रशेखरच्या कानशिलावरून घाम उतरला. "मी ठेवतो तिला. ट्रेलरमागं कुंपण घालून. कोणाच्या नजरेला पडणार नाही."

"ती जागा पण माझीच आहे," वेस म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं. "टेरी गुरुवारी येतोय. बुधवारी सकाळी भरा."

*

बुधवारी आठ वाजताच लोखंडाला हात लाववत नव्हता. जनावरं न्यायचा ट्रेलर वाटेच्या तोंडाशी लावला होता. सत्तेचाळीस वाटेत आली, ट्रेलरचं काळं तोंड बघितलं आणि खुर रोवून उभी राहिली. लालोनं मागून काठी लावली. ती हलली नाही. वेसनं करंटची काठी आणून मांडीला टेकवली. ती थरथरली, मागं वळायला जागा नव्हती तरी वळायला गेली, तिच्या खांद्याचं कातडं फळीच्या खिळ्याला फाटलं. दुसऱ्यांदा करंट. गुडघे टेकले, पण पुढं पाऊल नाही. तिसऱ्यांदा. मूत सुटलं तिचं.

"मरेल इथंच," लालो म्हणाला.

"मग मरू दे," वेस म्हणाला. "फेकायचा खर्च तेवढा वाढेल."

"थांबा," चंद्रशेखर म्हणाला. "बाजूला व्हा दोघं. मागून ढकलून जाणारी गाय नाही ती."

ट्रेलरच्या पुढच्या टोकाला माणसापुरतं छोटं दार असतं. तो त्या दारानं आत शिरला. दार उघडं ठेवलं. आत जुन्या शेणाचा वास आणि भट्टीसारखी धग होती. लांब अंधाऱ्या ट्रेलरच्या दुसऱ्या टोकाला उजेडाच्या चौकटीत तिचं डोकं दिसत होतं.

त्यानं डोक्यावरची टोपी काढून हलवली. पाय आपटला. "हेय! ये! ये ना!" त्याच्या तोंडून मराठी आली. "ये, ये!"

तिचे कान पुढं झाले. डोकं खाली गेलं. करंटनं जी हलली नव्हती ती त्या हाकेला आली. सगळा ट्रेलर हादरला. खुरांचा आवाज छातीत बसला. ती पुरती पोहोचेपर्यंत तो थांबला, मग बाहेर उडी टाकून दार ओढलं. त्याच क्षणी तिचं कपाळ पत्र्यावर आदळलं आणि मागं लालोनं फाटक लावलं.

तिनं आणखी दोनदा धडक दिली. पत्र्याला आतून फुगवटे आले. मग फक्त श्वास ऐकू येत राहिला.

"शाब्बास, डॉक!" वेस म्हणाला. "हे आधी का नाही सांगितलंस?"

घरी आल्यावर चंद्रशेखर नळाखाली हात धरून बराच वेळ उभा राहिला. प्रीतानं पान वाढलं होतं.

"गेली?" तिनं विचारलं.

"गेली."

"आपल्या हातात काय होतं सांगा. मालकाची गाय. तो म्हणेल ते..."

"ती जात नव्हती, प्रीता. तीन वेळा करंट दिला तरी जात नव्हती." तो हात पुसायचं विसरला होता. पाणी फरशीवर ठिबकत होतं. "मी हाक मारली तिला."

प्रीतानं ताटावर ताट झाकलं. म्हणाली, "रुहीला यातलं काही बोलू नका."

*

गुरुवारी टेरी आला. साठीचा, उंच, मऊ बोलणारा माणूस. स्वतः लहानपणापासून गुरांत वाढलेला. त्यानं प्रीचरला पिकअपमध्ये बसूनच पाहिलं, घाई केली नाही. मग चंद्रशेखरच्या वह्या मागितल्या आणि पान न् पान बघितलं. एकतीसचं पान वेसनं सांगितल्याप्रमाणे मंगळवारीच नव्यानं लिहून झालं होतं.

"सोळा वर्षं एका हातानं लिहिलेल्या वह्या मी कुठंच पाहिल्या नाहीत," टेरी म्हणाला. "डॉक, मला कागद समजतो. पण मला त्या गाईबद्दल ऐकायचंय. परीक्षेला तू होतास?"

"होतो."

वेस टाचेनं माती उकरत होता. त्याचा पाय थांबला.

"सांग ना."

परीक्षेचं गोल रिंगण समोरच होतं, फळ्या वाकलेल्या, मधे सुकलेलं तण. चंद्रशेखर त्याकडे बघत बोलायला लागला. एकतीसच्या तीन धडका सांगून संपल्या असत्या. ते त्याच्या तोंडातून निघेना. निघालं ते वेगळंच.

"दोन वर्षांची होती. बारकी. मागचे पाय बघून रॉय म्हणाला, हिला काढून टाकू, वेळ घालवू नका. मी म्हटलं, एकदा उतरवून तर बघा. लालो घोड्यावर होता, घोड्याला गाद्या बांधलेल्या, हातात टोकदार काठी. आत आली आणि थेट घोड्याकडे. पहिली धडक, दुसरी, तिसरी. काठी खांद्यात बसत होती, रक्त येत होतं. दुसरी गाय असती तर लांब जाऊन उभी राहिली असती. ही प्रत्येक वेळी आधीपेक्षा लांबून यायची, म्हणजे जास्त जोर लागावा. आठव्या धडकेला घोडा बसला खाली."

"तोंड उघडलं होतं?" टेरीनं विचारलं. त्याला माहीत होतं काय विचारायचं ते; दमलेलं जनावर तोंड उघडतं.

"नाही. ते बघायला मी फळीवर वाकलो होतो. ऊन असं, अंगाला फेस, पण तोंड मिटलेलं. मग रॉय म्हणाला, बास, फाटक उघडा. पलीकडे कळप होता, तळं होतं, पाणी दिसत होतं तिला. फाटक सताड उघडं. तिनं तिकडे पाहिलं. आणि फिरली परत घोड्याकडे. अकरा. अकरा धडका. बारावी मी होऊ दिली नाही. रॉय फळीवरून उतरून माझ्याजवळ आला, म्हणाला, मी चुकलो, डॉक. तेरा वर्षांत एवढंच एकदा म्हणाला तो."

लालो लांब ट्रॅक्टरजवळ पाठमोरा उभा होता.

"आणि ती एकतीस," टेरी म्हणाला.

चंद्रशेखरनं ओठ ओले केले.

"हो," तो म्हणाला. "एकतीस."

टेरीनं मान हलवली. त्याचे डोळे भरून आले होते. असल्या बाबतीत खोटे अश्रू आणणाऱ्यातला तो नव्हता. "जिवंत असताना बघायला मिळायला हवी होती मला. कुठं पुरलीत तिला?"

एकतीसला पुरलं नव्हतं. जानेवारीत मेलेली जनावरं नेणारी गाडी येऊन साखळीनं ओढून घेऊन गेली होती. आणि सत्तेचाळीस काल दुपारी बाजारातून पुढं गेली असणार. वेस चंद्रशेखरकडे बघत होता.

चंद्रशेखरनं हात वर केला आणि तळ्यापलीकडच्या ओकच्या झाडाकडे बोट दाखवलं. झाडाखाली नुसती पांढरी, तापलेली माती होती.

टेरीनं डोक्यावरची हॅट काढली आणि छातीशी धरून त्या दिशेनं उभा राहिला. मग वेसनंही काढली. चंद्रशेखर क्षणभर तसाच राहिला. मग त्यानं आपली टोपी काढली आणि त्या दोघांच्या शेजारी मान खाली घालून उभा राहिला.